‘उद्या भेटू’ म्हणणारा दादा

ज्या संध्याकाळी आम्ही दादाला स्मशानात पोचवून घरी आलो, त्याच संध्याकाळी त्याचा नवा व्हिडिओ आला.

हसत होता. शेजारी माडग्याळी जातीचा मेंढा. शेवटी नेहमीसारखं, "उद्या भेटू मंडळी, राम राम."

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही.

आजारपणात खाडा पडू नये म्हणून त्याने ते आधीच शेड्यूल करून ठेवले होते. फोन उघडायचा त्याच्या अंगठ्याने. थांबवणार कोण? साठा संपला तेव्हाच थांबले.

आज वर्ष झालं.

माझा थोरला भाऊ जत तालुक्यात मेंढरं राखायचा आणि मेंढरांवरच चॅनेल चालवायचा. कुठला मेंढा घ्यावा, कुठल्या रोगाला काय करावं, सगळं.

मी एकदा विचारलं होतं, लोक फुकट बघतात, मग पैसे देतं कोण?

"जाहिरातवाले. मी माणसं गोळा करायची, कंपनी त्यास्नी जाहिरात दाखवणार, त्यातला वाटा मला. खाली पशुखाद्याची लिंक हाय, तिथनं कुणी घेतलं तर कमिशन येगळं. काय न इकता धंदा, हाय का न्हाई?"

फार खूश होता तेव्हा.

मग रोज एक व्हिडिओ सुरू झाला. माझ्या मुलीच्या बारशाला सांगलीत विश्रामबागला आला, तर भरलं ताट सोडून गच्चीत मोबाईलशी बोलत उभा. माझं डोकंच फिरलं.

"एक दिवस राहू दे की रे."

"चार दिवस गप बसलो की ती माझं दाखवायचंच बंद करत्यात."

"ती म्हणजे कोण?"

"काय म्हाईत. मालकाचं त्वांड कुणी बघितलंय?"

मग म्हणाला, "मेंढरं चुलत्याकडं सोपवून लग्नाला जाता येतं गं. हे न्हाई सोपवता येत."

छातीत दुखायला लागलं त्या दिवशी वहिनीने दारात गाडी आणून उभी केली होती. हा म्हणाला, "फुडचं व्हिडिओ तेवढं चढवून ठेवतो, मग जाऊ." आमच्या वाडीतली रेंज ती कसली, त्यातच बराच वेळ गेला.

सांगलीच्या वाटेवरच गेला. मला अजून राग येतो त्याचा.

दहाव्याला कावळा शिवेना.

थोरले चुलते म्हणाले, "पोराला शिकवू." कावळा बाभळीवरच.

"मेंढरं इकणार न्हाई." तरी बाभळीवरच.

मग धाकटे चुलते म्हणाले, "च्यानेल बंद पडू देणार न्हाई. पोरगं चालवील."

कावळा उठून पार ओढ्यापलीकडे जाऊन बसला. दहावीतला माझा भाचा मान खाली घालून उभा होता.

तेव्हा वहिनी पुढे झाली आणि कावळ्याकडे बघून म्हणाली,

"आवं, बास झालं. उद्या कुणाला भेटायचं न्हाई. तुमी बी न्हाई, पोरगं बी न्हाई."

कावळा खाली आला.

तुम्ही योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. वहिनीने शब्द पाळला. नातेवाईक बोलले, बघणाऱ्यांचे फोन आले, पण नवा व्हिडिओ एकही नाही. भाचा कॉलेजला जातो.

जुने व्हिडिओ मात्र चालूच आहेत, त्यांच्यावरच्या जाहिरातीही. दादाचा आवाज ऐकायचा तर मलासुद्धा आधी विम्याची जाहिरात बघावी लागते. त्या न दिसणाऱ्या मालकाचं त्याच्यावाचून काही अडलेलं नाही.

आज सकाळी एक लावला होता. ‘उद्या भेटू’ यायच्या आधीच बंद केला.

दादा, निवांत झोप.

आम्ही वाट बघणार नाही.