अकरा महिन्यांच्या नलूताई

फोन घरमालकाचा होता. "तुमच्या नलूताई गेल्या. पहाटे, झोपेतच. सामान केव्हा नेता?" तीन वाक्यं, मधे श्वाससुद्धा नाही. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. दुःख व्हायच्या आधी मला किळस आली, आणि आज दीड महिना झाला तरी ती गेलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

नलूताई यवतमाळच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही. वडील सरकारी कारकून, त्यामुळे बालपण क्वार्टरमध्ये गेलं; वडील वारले आणि क्वार्टर सुटलं, तेव्हापासून भाड्याची खोली. मी शाळेत शिकवायची, आमचं घर त्याच गल्लीत. संध्याकाळी त्या यायच्या, पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलता सोलता दिवसभर काय काय टाइप केलं ते सांगायच्या. "आज तिघांले घराबाहेर काढलं मी," असं म्हणायच्या. म्हणजे खोली खाली करण्याचे तीन हुकूम. हसायच्या, पण ते हसणं कोरडं असायचं.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची. सरकी काढणाऱ्या जिनिंग-गिरण्या बंद पडत होत्या, व्यापारी दुसरं काहीतरी शोधत होते. आमच्या गल्लीतल्या शेठजींनी रुईच्या गोदामात विटांच्या भिंती घातल्या आणि बारा खोल्या काढल्या. पावसाळ्यात त्या खोल्यांना सरकीचा वास यायचा. भाडेकरूंची कमी नव्हती. आर्णीकडून, फुलसावंगीकडून माणसं येत होती. शेतीत काही उरलं नाही, निदान पोरं तरी शिकावीत म्हणून. नलूताईही तिथेच राहायला गेल्या. प्रत्येकाला करार अकरा महिन्यांचा. कागदावर 'भाडेकरू' हा शब्दच नाही. तुम्ही फक्त परवानगीने राहणारे, म्हणजे भाडेकरूला कायद्याचं जे संरक्षण ते तुम्हाला नाही. आणि अकरा महिने भरले की एक दिवस खोली रिकामी करायची. सगळं सामान बाहेर. शेठजी कुलूप लावणार, दुसऱ्या दिवशी नवा कागद, मग पुन्हा आत. सलग राहिल्याचा दावा कोणी करू नये म्हणून.

एका वर्षी हा दिवस एप्रिलात आला. मी शाळेतून परतत होते. नलूताई भर रस्त्यात आपल्या खाटेवर बसलेल्या, डोक्यावर ओला रुमाल, मांडीवर टाइपरायटर. शेजारी स्टोव्ह, डबे, गादीची वळकटी... "घरी चला," म्हटलं. त्या म्हणाल्या, "सामान सोडून कशी येऊ? आणि काम आहे. शेठजीचेच कागद टाइप करून राह्यली. बारा खोल्यांचे बारा." माझी सही साक्षीदार म्हणून त्यातल्या एका कागदावर, त्यांच्याच कागदावर, दरवेळी असायची. ती मी त्याही वेळी केली. आमच्या माडीवरची खोली तेव्हा रिकामी होती, हेही लिहून टाकते. भाडेकरू नको, असं घरात ठरलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या खोलीत शेवंता राहायची, फुलसावंगीची, दोन मुलींना घेऊन. थोरलीची दहावीची परीक्षा चार दिवसांवर असताना तिचे अकरा महिने भरले. सामान बाहेर आलं आणि आत गेलंच नाही. शेठजींना दुसरं कोणी मिळालं होतं. नलूताईंनी तिघींना आपल्या खोलीत घेतलं. शेठजी दारात येऊन ओरडले, "करारात एकट्याचं नाव हाय!"

"करार मीच टाइप केला, शेठजी," नलूताई म्हणाल्या. "पाहुण्याले मनाई लिहायची तुमची राहून गेली. पुढच्या कागदात लिहून देतो. तवर पोरीले पेपर देऊ द्या."

पोरीने पेपर दिले. पास झाली.

त्याच वर्षी हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात भाड्याच्या घरांचा नवा कायदा येणार होता. नलूताईंनी दोन पानी टिपण केलं. मागणी एकच: अकरा-अकरा महिन्यांच्या कागदांवर जो पाच वर्षं एकाच खोलीत राहिला, त्याला भाडेकरू माना. ते घेऊन आम्ही एका आमदारांकडे गेलो. त्यांनी टिपण कपाळाला लावलं, सभागृहात बोलेन म्हणाले, प्रेक्षक गॅलरीचे दोन पासही दिले.

आम्ही एसटीने गेलो. नलूताईंनी ठेवणीतली इरकली नेसली होती. खाली अर्धी बाकं रिकामी. कोणी पेंगत होतं, कोणी पाठमोरं उभं राहून गप्पा मारत होतं. आमचे आमदार उठले. आधी आपल्या नेत्याची स्तुती, मग एक शेर, आणि शेवटी टिपणातलं एकच वाक्य: "अकरा महिन्यांनी या गरिबांचा संसार एक दिवस उन्हात ठेवतात." समोरून कोणीतरी ओरडलं, "बरंच आहे की, ढेकूण मरतात!" सभागृह हसलं. आणि आमचे आमदारही हसले, मान हलवून, दाद दिल्यासारखे. मागणी वाचलीच नाही, खाली बसले. मंत्र्यांनी भावनांची नोंद घेतली. 'होयचे बहुमत' झालं, कायदा मंजूर. सगळ्याला मिळून एक कप चहा निवतो तेवढा वेळ लागला असेल.

बाहेर आमदार भेटले. "ताई, तुमचा मुद्दा गाजला!"

परतीच्या गाडीत नलूताई खिडकीकडे तोंड करून होत्या. कळंब मागे पडल्यावर एकदाच बोलल्या. "बाकीचे हसले त्याचं काई नाई. आपला माणूस काहून हसला?"

त्यानंतर त्या कुठल्याच पुढाऱ्याच्या दारी गेल्या नाहीत. निवृत्त झाल्या, खोली तीच. दर रविवारी बाया आपले कागद घेऊन यायच्या, त्या एकेक ओळ वाचून समजावून द्यायच्या. मी माडीवर या म्हटलं, तेव्हा फार उशीर झाला होता. "आता कायले?" एवढंच म्हणाल्या.

शोकसभेला ते आमदार आले होते. "माझ्या त्या गाजलेल्या भाषणामागची प्रेरणा हरपली," म्हणाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या थोरलीला घेऊन खोली रिकामी करायला गेले. ती आता आर्णीला नर्स आहे. शेठजी मागोमाग आले आणि भिंतीवरून हात फिरवत खुशीत म्हणाले, "असा भाडेकरू भेटत नाई. इतक्या वर्षात एक खिळा नाई मारला."

मी वर पाहिलं. खरंच, चारी भिंती कोऱ्या. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. छत्री कडीला. आणि कोपऱ्यात, जमिनीवर, भिंतीला टेकून वडिलांचा फोटो. त्याचा चंदनी हार खाली लोळू नये म्हणून नलूताईंनी तो दोन पदरी करून दोऱ्याने शिवला होता.