पलंगाची कुठली बाजू?

बेकरीत रात्रपाळीला भट्टी सांभाळणारा तो परदेशी माणूस व्हिसा कचेरीतल्या साहेबांपुढे बसला होता. बायको इथलीच, बस चालवणारी. तिच्याशी लग्न झालं म्हणून त्याने इथे कायमचं राहायची परवानगी मागितली होती. लग्न खरं की कागदावरचं, हे साहेबांना तपासायचं होतं. त्यांचा पहिला प्रश्नच थेट अंथरुणात शिरला.

"बायको पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते?"

"मधोमध."

"आणि तुम्ही?"

"मीही मधोमधच."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "थट्टा करताय?"

"नाही हो साहेब! ती पहाटे कामाला निघते, तेव्हा मी घरी येतो. तिची ऊब गादीत असते, तिथेच पाठ टेकतो."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"भांडतो, साहेब. मधली जागा दोघांनाही सोडवत नाही."