आमचे म्हातारे आणि बप्पाचे कान

घाटनांदुरात हेवी मेटल ऐकणारी माणसं तीन. चौथा आजवर सापडला नाही. पण एकच वेड तिघांनी पंचवीस-तीस वर्षं सांभाळलं, की किस्से असे साचतात की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच तोंड खुपसतो. पूर्वी मी ते लोकांना हसवायला सांगायचो. हल्ली सांगता सांगता अडखळतो. तरी सांगतो.

तिघं म्हणजे रफिक, त्याचं गाड्यांचं गॅरेज. सुधाकर, ज्याला सगळं गाव बप्पा म्हणतं. लग्नाकार्यात साउंड लावायचा त्याचा धंदा. आणि मी, हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर.

*

सुरुवात रफिकच्या गॅरेजात झाली. एक ट्रक दुरुस्तीला आलेला, त्याच्या टेपात कॅसेट राहिली होती. रफिकनं ती लावली आणि दचकून बंद केली.

"हेड खराब झालाय," म्हणाला.

स्पिरिटनं हेड पुसला. पुन्हा लावली. तेच! टेप खोलून बेल्ट बदलला. तेच! आम्ही तिघं टेपाला कान लावून बसलो. अख्खी एक बाजू संपली, तेव्हा रफिक म्हणाला, "टेप बिघडलेला न्हाई बे. ही माणसंच अशी हायेत!"

ड्रायव्हर ट्रक न्यायला आला तेव्हा आम्ही भीत भीत कॅसेट मागितली. तो म्हणाला, "ठिवा तुमालाच. मालकाच्या पोराची हाय. ती लावली की मला घाट दिसंना व्हतो!"

कॅसेटवरच्या फोटोतले ते लांब केसांचे पाच जण तेव्हाही आमच्यापेक्षा बरेच मोठे होते. म्हणून आमच्यात त्यांचं नाव पडलं 'म्हातारे'. शब्द कळायचे नाहीत, पण सगळे पाठ झाले.

*

बप्पा कुठंही साउंड जोडला की टेस्टिंगला म्हाताऱ्यांचं गाणं लावायचा. "ह्याच्यात बॉक्स टिकला, तर वरातीत कायबी वाजवा," असं त्याचं शास्त्र.

एकदा चकलांब्याला हळदीच्या दिवशी टेस्टिंग चालू होतं. नवरीचे आजोबा काठी टेकत आले.

"मिशिनीत काय अडकलंय का रे?"

"न्हाई बाबा, माणूस गातोय."

आजोबांनी मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं. मग कळवळून म्हणाले, "आरं, मग सोडा की त्याला!"

*

हा पुढचा मी कधी कुणाला सांगितला नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी म्हातारे बेंगलोरला आले होते. बप्पानं ऐन लग्नसराईत दोन सुपाऱ्या सोडल्या. रफिकनं गॅरेजला कुलूप लावायचं ठरवलं. मी फक्त रजा टाकायची होती.

मी टाकली नाही. अर्ज लिहायला बसलो आणि कारण काय लिहावं तेच कळेना. मास्तर माणूस, अंगावर काळा टी-शर्ट घालून नाचायला चाललाय, हे स्टाफरूममध्ये कळलं तर? मला लाज वाटली. कागद फाडला आणि बप्पाला जाऊन सांगितलं, "रजा नामंजूर झाली."

मला वाटलं, ते दोघं जातील. बप्पा म्हणाला, "तू न्हाई तर मजा न्हाई. पुढच्या टायमाला तिघं जाऊ. म्हातारे कुठं पळून चाललेत?"

म्हातारे कुठंच पळाले नाहीत. ते खरंच होतं.

*

बप्पाचे कान कधी गेले ते आम्हाला कळलंही नाही. स्वतःच्याच बॉक्ससमोर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस! आधी वाटायचं, धंदा वाढला तसा ताठलाय, हाक मारली तरी बघत नाही.

एकदा आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. वहिनी आतून ओरडल्या, "अहो, गॅस संपला!"

बप्पा म्हणाला, "गणपा आला? बसव त्याला, पाणी दे!"

आम्ही हसून हसून लोळलो. महिनाभर तेच चाललं. तो रस्त्यात दिसला की मी म्हणायचो, "बप्पा, गणपा आला का?" तोही हसायचा.

एक दिवस रफिकनं मला बाजूला घेतलं. "मास्तर, आता हसू नगा. तो आपल्या तोंडाकडं बघून बोलायलाय. मी पाठ फिरवून इचारलं, तर उत्तरच देत न्हाई."

अंबाजोगाईला डॉक्टरकडं नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मशीन लावा. समोरासमोरचं बोलणं बऱ्यापैकी कळेल. गाण्याचं मात्र काही सांगता येत नाही."

बप्पानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणले?"

"मशीन लावलं की सगळं येईल म्हणाले," मी सांगितलं. ही माझी दुसरी थाप.

*

मग बातमी आली, म्हातारे मुंबईत येणार, आणि हा त्यांचा शेवटचा दौरा. या वेळी मी रजेच्या अर्जावर सरळ लिहिलं, 'आवडत्या बँडचा कार्यक्रम पाहण्यासाठी.' हेडमास्तरांनी वाचलं, सही केली आणि विचारलं, "बँड? कुणाचं लग्न हाय?"

बास. एवढंच! दोन मिनिटांचं काम होतं. मी व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून उभा राहिलो. एक पोरगी म्हणाली, "सर, बरं वाटत न्हाई का?"

*

मैदानाच्या गेटवर सगळी पंचविशीतली गर्दी. आमच्या तिघांच्या डोक्यावर मिळून एका माणसापुरते काळे केस. सिक्युरिटीवाला अदबीनं म्हणाला, "काका, मुलांना सोडायला आलात का? पार्किंग तिकडं."

रफिक म्हणाला, "न्हाई साहेब. आमचे वडील आत गाणार हायेत."

त्यानं आम्हाला तपासलंसुद्धा नाही!

*

आता शेवटचा.

म्हाताऱ्यांचं एक गाणं आहे, त्याला आम्ही 'मालगाडी' म्हणतो. त्याचा ड्रम पुलावरून मालगाडी गेल्यासारखा वाजतो. बप्पाचा त्याच्यावर लई जीव. त्या संध्याकाळी म्हाताऱ्यांनी सगळं वाजवलं, 'मालगाडी' वाजवलंच नाही.

बप्पा पुढच्या लोखंडी कठड्याला दोन्ही हात टेकून उभा होता. मशीन नुसती खरखर करतं म्हणून काढून खिशात ठेवलेलं. जे काही येत होतं ते तळहातातून येत होतं. अधूनमधून तो माझ्याकडं बघून मान हलवायचा, छान चाललंय म्हणून. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

मग एक गाणं सुरू झालं, तसा बप्पा एकदम ताठ झाला. डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून गायला लागला. 'मालगाडी'! स्टेजवर भलतंच गाणं, आणि हा 'मालगाडी'! शब्दन् शब्द बरोबर. शेजारची पोरं वळून बघायला लागली.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगणार, तेवढ्यात रफिकनं माझं मनगट धरलं. माझ्याकडं न बघता त्यानं तोंड उघडलं आणि तोही 'मालगाडी' गायला लागला.

बप्पानं डोळे उघडले. रफिकच्या ओठांकडं बघितलं. ओठ जुळले तसा हसला. मग माझ्याकडं वळला. मीही गायला लागलो.

कार्यक्रम संपला. बाहेर चहाच्या गाड्यावर बप्पानं मशीन कानात बसवलं. डोळे लाल, आवाज बसलेला.

"मालगाडी काय वाजवली बे! मला वाटलं व्हतं, आता ह्या वयात घ्यायचे न्हाईत."

मी चहात बघत होतो. रफिक त्याच्यासमोर येऊन, तोंड नीट दिसेल असा उभा राहिला.

"एकदा न्हाई, दोन डाव घेतली," तो म्हणाला. "पहिल्या डावाला तू पाणी प्यायला गेलतास."

बप्पानं कपाळावर हात मारला.

"कावून गप बसलात बे? एक हाक मारायची की मला!"