पिकअपला बसची दांडी

माझ्या नवऱ्याची पिकअप पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "ही नेमकी कुठली गाडी?" नवरा खूश होतो आणि मी दुसरीकडे बघते. कारण या प्रश्नाला एक उत्तर नाही. सांगाडा आणि इंजिन एका गाडीचं. बॉनेट त्याच गाडीच्या आधीच्या पिढीतलं. पुढचे गोल दिवे जुन्या जीपचे, मागचे लाल दिवे बसचे, आणि स्टिअरिंग एके काळी साहेब लोकांना घेऊन फिरणाऱ्या पांढऱ्या सरकारी मोटारीचं. बाहेरचे आरसे तेवढे कोरे, करोल बागेतून आणलेले, आणि ते इतके चकचकीत आहेत की त्यांच्यामुळे बाकीची गाडी आणखी म्हातारी दिसते. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करते. मला ही गाडी आमच्या समित्यांसारखी वाटते. प्रत्येक जण वेगळ्या विभागातून आलेला, कोणाचं कोणाशी पटत नाही, पण बैठक कशीबशी पार पडते.

नवऱ्यानं चांगली नोकरी सोडून पानिपतहून चादरी आणि ब्लँकेटं आणून दिल्लीतल्या दुकानांना पोचवायचा धंदा सुरू केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी सीएनजीवर चालते आणि दिल्लीच्या नियमात अजून बसते. इंजिनाला आणि सांगाड्याला हात लावायचा नाही, एवढं एक पथ्य तो पाळतो. बाकी सगळ्याला हात लावतो. शनिवारी एक बल्ब आणायला म्हणून करोल बागेत जातो आणि संध्याकाळी कसली तरी जाळी, कसलं तरी हँडल घेऊन परततो. घरातलं घड्याळ बंद पडलेलं असतं, ते त्याला दिसत नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ती हौस द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते, याचा मला संकोच वाटायचा.

आई आमच्याकडेच राहते. माझी आई. नागपूरहून तरुणपणी दिल्लीला आली, सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. बाबा गेल्यावर मी तिला घरी आणलं. दर वैशाख पौर्णिमेला विहारात खीर न्यायची, हा तिचा नेम. खिरीचं मोठं पातेलं पिकअपच्या हौद्यात जायचं आणि आई माझ्या छोट्या मोटारीत. पिकअपमध्ये बस म्हटलं की म्हणायची, "मी काय चादरींचा गठ्ठा आहे?"

जावयाशी ती फार अदबीनं वागते. तो तिला कितीदा म्हणाला, आई, मला नावानं हाक मारा. तिनं "जावईबापू" सोडलं नाही. मी त्याला अरे-तुरे करते, तेही तिला अजून खपत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती बाल्कनीत ओल्या फरशीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी आणताना मी माझी मोटार नेली, आणि तिथंच घोळ झाला. छोट्या मोटारीची सीट खाली असते. हॉस्पिटलात दोन आयांनी मिळून तिला आत बसवलं होतं, पण सोसायटीच्या गेटपाशी उतरायची वेळ आली तेव्हा ती सीटमध्ये रुतली. तिला उठता येईना, मला तिला उठवता येईना. शेवटी नवरा पुढे झाला, त्यानं तिच्या दोन्ही काखांत हात घातले, उचलून बाहेर काढलं आणि व्हीलचेअरवर ठेवलं. गार्ड होता, शेजारच्या दोघी होत्या. दोघीही म्हणाल्या, "दामाद हो तो ऐसा." आईनं तोंडाला पदर लावला. दुखत असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर आई घराबाहेर पडली नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायची, एक्स-रे काढणारा माणूसही घरी बोलावला. हाड जुळलं. वॉकर सुटला, काठी आली. घरातल्या घरात आई छान फिरू लागली, माझ्या डब्यात ढवळाढवळ करू लागली. पण गाडीचं नाव काढलं की विषय बदलायची. विहारातल्या बायका फोन करून विचारत, यंदा खीर येणार ना? ती म्हणायची, "खीर येईल." आपण येऊ असं म्हणायची नाही. मला ते ऐकवत नसे. माझी आई, जी जन्मभर बाहेर फिरली, ती आता खिडकीतून मेट्रो बघत बसणार?

नवरा म्हणाला, "त्यांना परत पडायची भीती बसली आहे. आपण पिकअपच त्यांच्या सोयीची करू." माझ्या मोटारीची सीट फार खाली, पिकअपची फार वर. मग मधला काहीतरी मार्ग हवा. मायापुरीच्या भंगार बाजारातून त्यानं एक खुर्ची आणली, एका बंद पडलेल्या सलूनमधली. खाली-वर होणारी, गोल फिरणारी. ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथं ही बसवायची, दाराबाहेर वळवायची, आईला बसवायचं आणि पुन्हा आत वळवायची, अशी योजना. चांगला महिनाभर तो त्या खुर्चीमागे होता. तिला मरून रंगाचं मखमली कव्हर शिवलं, पट्टा लावला. केबिनमध्ये आता खुर्चीच खुर्ची दिसत होती, नाकापेक्षा मोती जड. चाचणीला मला बसवलं, बाहेरून खटका दाबला, माझ्या खांद्याला धरून मला आत वळवलं. मी म्हटलं, "आता दाढी करतोस की केस कापतोस?"

"हसू नकोस. आईंना जमेल की नाही, सांग."

जमेल, असं मी म्हटलं, आणि मला खरंच तसं वाटत होतं.

एका रविवारी सकाळी आईला खाली आणलं. ती खुर्ची तिनं नीट पाहिली, मखमलीवरून हात फिरवला. "छान केलंत हं, जावईबापू," म्हणाली.

"बसा ना, आई. मी धरतो तुम्हाला."

आई एक पाऊल मागे सरली. "आज नको. ऊन फार आहे."

ऊन अजून समोरच्या बिल्डिंगच्या वर आलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिला चक्कर आल्यासारखं वाटत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी जावईबापूंना आराम मिळायला हवा होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पौर्णिमा जवळ आली होती आणि नवरा खाली जाऊन त्या खुर्चीच्या फिरत्या भागात उगाच तेल घालत बसायचा. माझं डोकं फिरलं.

आई टेबलाशी बसून भेंडी पुसत होती. मी सरळ म्हटलं, "किती नखरे ग आई? तो एवढा खपला तुझ्यासाठी. पडशील अशी भीती वाटते ना? अगं, तो धरतोय ना तुला."

"तेच तर," आई म्हणाली.

"तेच म्हणजे काय?"

"धरतात, तेच." तिनं हातातली भेंडी खाली ठेवली. "पडायची भीती कशाला वाटेल? पडून झालं माझं. त्या दिवशी मला गाडीतून कसं काढलं, आठवतं? ज्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नाही, त्यांनी मला काखेत हात घालून ओढलं. पदर कुठे, साडी कुठे. तो गार्ड बघतोय. त्यांचं काही चुकलं नाही, चांगलेच आहेत ते. पण दर वेळी त्यांनी मला धरायचं, वळवायचं, बसवायचं... मला लाज वाटते ग. त्यापेक्षा मी घरात बरी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या शेजारी बसले आणि एक भेंडी पुसायला घेतली. मग विचारलं, "मग काय करायचं?"

आईचं उत्तर तयार होतं. म्हणजे तिनं यावर बराच विचार केला होता. "ती खुर्ची काढा. खाली एक पायरी द्या, आणि दाराशी बसमध्ये असते तशी दांडी. उभी. बाकी माझं मी बघते. सगळी नोकरी मी बसच्या दांडीला धरून केली. तू पोटात होतीस तेव्हासुद्धा. तेव्हा कोण हात द्यायला आलं होतं?"

नवऱ्याला हे सांगणं माझ्यावर आलं. गार्डचा भाग मी गाळला, तरी त्याला जे कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "माझ्या आईला तर शेवटच्या आजारपणात मी रोज उचलायचो."

"ती तुझी आई होती. ही सासू आहे."

"पण यार, मला वाटलं, मी सेवा करतोय." त्याचा चेहरा एवढासा झाला. मला त्याची फार दया आली. मग तो पाने घेऊन खाली गेला आणि दुपारपर्यंत खुर्ची काढून, जुनी सीट परत बसवून मोकळा झाला. मखमली कव्हर त्यानं घडी करून वर आणलं आणि कपाटात ठेवलं.

दांडी पुन्हा मायापुरीहूनच आली, भंगारात निघालेल्या एका सिटी बसची. मधोमध हात लागून लागून तिचा रंग उडाला होता आणि आतलं पोलाद गुळगुळीत झालं होतं. पायरीसाठी त्याच बसच्या पायरीचं खाचांचं रबर आणलं. वेल्डर म्हणाला, "अंकल, नया पाइप लगवा लो ना. चमकेगा."

"नया नहीं चाहिए," नवरा म्हणाला.

दांडी कुठे लावायची हे सांगायला आई स्वतः खाली आली. काठीनं दाखवत होती. "इथे. नाही, जरा पुढे. जावईबापू, अजून थोडी पुढे घ्या." आणि तो घेत होता. जे दोघांना एकमेकांशी बोलता आलं नसतं, त्याबद्दल दोघं अवाक्षरही बोलले नाहीत. दांडीबद्दल मात्र भरपूर बोलले. पायरीच्या उंचीवरून तर त्यांचा चक्क वाद झाला आणि तो आईनं जिंकला.

पौर्णिमेच्या सकाळी खिरीचं पातेलं हौद्यात बांधलं. आई पांढरी साडी नेसून, केस नीट बांधून खाली आली. एरवी तिच्यासाठी दार उघडायला धावणारा माझा नवरा आधीच स्टिअरिंगवर जाऊन बसला होता. इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान समोर. डावीकडचा तो चकचकीत आरसा त्यानं इतका बाहेर वळवून ठेवला होता की त्यात बाजूच्या बिल्डिंगमधले कपडे वाळताना दिसत होते.

आईनं काठी माझ्या हातात दिली. मी सवयीनं तिच्या कोपराला धरायला गेले, तर तिनं असं बघितलं की मी हात मागे घेतला. तिनं दांडी पकडली. चांगला पाय पायरीवर ठेवला. मग थांबली. तिचा दुखरा पाय अजून जमिनीवर होता. आत नवरा काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत होता, जशी काही त्या भिंतीवर बातमी छापली आहे. आईनं दांडीवरचा हात जरा वर सरकवला, दुसरा पाय उचलला, वळली आणि बसली. पदर सारखा केला. दार मी लावलं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या, दिल्लीच्या बसचे कंडक्टर मारायचे तशा, आणि म्हणाली, "चलो."

पिकअप गेटबाहेर पडली. मी गार्डच्या खुर्चीत बसले आणि रडले. दुःखानं नाही. महिनोन् महिने छातीवर काहीतरी होतं, ते उतरलं. गार्डनं पाण्याची बाटली पुढे केली, ती मी अर्धी संपवली.

मग लक्षात आलं की काठी माझ्याच हातात आहे.

पिकअपमध्ये दोघांपुरतीच जागा, म्हणून मी मेट्रोनं जाणार हे ठरलेलं होतं. पण ती शांतपणे जायची मेट्रो होती. आता मी काठी घेऊन स्टेशनात धावत सुटले. डब्यात एकानं उठून मला जागा दिली. नवऱ्याला फोन केला, तर त्यानं उचलला नाही, गाडी चालवताना तो उचलत नाही. काठीशिवाय आई उतरणार कशी? पुन्हा काखेत हात, पुन्हा बघणारी माणसं, आणि पुन्हा घरात बसणं. सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर तेच येत होतं.

विहारात पोचले तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. आई पुढच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही बाजूंना तिच्या मैत्रिणी, आणि ती कुणाला तरी खिरीत यंदा वेलची कमी का पडली ते सांगत होती. मला पाहून म्हणाली, "अच्छा, काठी आणलीस. ठेव तिकडे."

नवरा बाहेर, पिकअपला टेकून उभा होता. मी धापा टाकत विचारलं, "उतरली कशी ती?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी समोर बघत होतो."