मूल धरणारे काका

"तुम्ही बाहेर व्हा बाई, मी धरतो," असं म्हणत काका आईच्या हातातून रडतं मूल अलगद काढून घ्यायचे. अशा हातात मूल गप्प होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

समता कॉलनीतल्या त्या छोट्या दवाखान्यात मी चिठ्ठ्या लिहायची, काका एक्स-रे काढायचे. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. गर्दी वाढली, मशीन मात्र जुनंच राहिलं. किरण अडवणारा शिशाचा एप्रन एकच होता. तो मुलाच्या पोटावर टाकून काका त्याला धरून ठेवत आणि बटण दाबायला मला बोलावत. मी भिंतीआड उभी राहायची. आतून आवाज यायचा, "दाब, पोरी."

एकदा म्हटलं, "काका, एप्रन तुम्ही घाला."

"अन् पोट्ट्याले काय घालू? मी शिजलो तेवढा शिजलो. ते तर आत्ताच चुलीवर चढून राहिलं."

मी हसले. बटण दाबलं.

पन्नाशीच्या आतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मग हृदयाचं दुखणं लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "साहेब, हे किरणांनं झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "थोडे थोडे किरण, पण वर्षानुवर्षं. असू शकतं. तंबाखूही आहे, वडिलांनाही हाच आजार होता. एका माणसाचं नक्की नाही सांगता येत."

"अन् त्या लेकरायचं?"

"त्यांना एखाद्या वेळीच, तेही फार कमी. काळजी करू नका."

काकांनी ती केलीच. गुढियारीच्या बाजारात ओळखीची आई दिसली की थांबवून विचारायचे, "पोट्टी बरी आहे ना? डोळे, छाती, सगळं?" बायका गोंधळून हो म्हणायच्या. काकांना ते "हो" पुरायचं नाही.

काका गेले. तेराव्याला मी बूढापाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला आतल्या खोलीत बसवून पाणी दिलं.

"तू तिथं होती ना बाई. मशीननंच नेलं का त्यायले?"

"नक्की नाही सांगता येत, काकू."

"हव," त्या म्हणाल्या आणि पुढं विचारलं, "ते तर पोट्टं धरून राहत. मग बटन कोण दाबे?"

"मी," म्हटलं.

काकू मग माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन उठल्या आणि पुन्हा भरून आणला.