नळाच्या लग्नातल्या खोडलेल्या ओळी

काय सांगू तुम्हाला, माणसाचं अक्षर चांगलं असू नये. माझं आहे, म्हणून तर हे सगळं घडलं.

रिठदच्या अलीकडे आमचं लहानसं गाव. मी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि रिसोडच्या बाजारात नेतो. पण बारावीपर्यंत शिकलेलो, अक्षर वळणदार, त्यामुळे गावातला अर्ज असो, लग्नपत्रिका असो, ग्रामसभेचा फलक असो, सगळे माझ्याकडे येतात. मला त्याचा गर्व होता. ‘होता’ म्हणतोय, लक्षात घ्या.

यंदा सव्वीस जानेवारीला बचत गटाच्या बायकांनी नाटक बसवलं. नाव ‘नळाचं लग्न’. लिहिलं शोभाबाईनं. ही बाजारात माझ्या शेजारीच भाजी घेऊन बसते आणि तिच्या जिभेला घाबरून गिऱ्हाईक भाव करत नाही. आमच्या वरच्या आळीत नळ बसून दोन वर्षं झाली होती, पण पाण्याचा थेंब आला नव्हता. तर नाटकात नळ हा नवरदेव आणि पाणी ही नवरी. नवरदेव बाशिंग बांधून दोन वर्षं मांडवात उभा, आणि लग्न जमवणारा मध्यस्थ रोज येऊन सांगतो, निघाली, निघाली, रस्त्यातच आहे! नवरदेवाचं काम माझ्याच बायकोकडे, मंगलाकडे.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी सरपंच सुनीताताई मला रस्त्यात भेटल्या. घाईत होत्या. जाता जाता म्हणाल्या, “गजाननभाऊ, त्या नाटकाची वही पाहून घेजा जरा. जास्त होऊ नये.”

जास्त होऊ नये. तीनच शब्द. पण घरी पोचेपर्यंत मी त्यांचा असा अर्थ लावला की वकिलानंही लावला नसता. मध्यस्थ म्हणजे कोण, हे सगळ्या गावाला कळत होतं. त्यात माझ्या शेतरस्त्याचा ठराव ग्रामपंचायतीत पडून होता. बाई रागावल्या तर मी वांगी काय डोक्यावरून आणणार होतो? म्हटलं, इशारा आला, आता आपणच शहाणं व्हावं.

लाल पेन घेतला आणि बसलो. एकदा खोडायला लागलं की हात थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी ‘मध्यस्थाच्या घरी मात्र नवरी रोज सकाळी येते’ ही ओळ उडवली. मग ‘मोटर’ हा शब्द. मग ‘टाकी’. शेवटी ‘तहान’सुद्धा उडवला, कारण उगीच कोणाच्या मनात काही यायला नको. एकूण अकरा ठिकाणी खोडलं. आणि खरं सांगतो, वर मलाच बरं वाटलं. गावाचं भलं केलं असं.

शोभाबाईनं वही पाहिली.

“भाऊ, हे खोटं हाय का?”

मी म्हटलं, खोटं नाही.

“मंग काहून खोडलं?”

मी भाषण दिलं. बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, पण त्याला मर्यादा असते, स्थळकाळ असतो, प्रजासत्ताकाचा दिवस आहे, वगैरे. मंगला तिथेच बाशिंगाला चमकी लावत होती. तिनं मान वर केली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ‘जेवून घ्या’ यापलीकडे ती माझ्याशी बोललीही नाही.

शोभाबाई मात्र शांतपणे म्हणाली की ठीक आहे, खोडलेलं बोलणार नाही, तेवढी जागा तशीच सोडू. मला वाटलं, जिंकलो.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानावर नाटक सुरू झालं. अख्खं गाव जमलेलं, सुनीताताई पुढच्या खुर्चीत. मी पडद्यामागे, हातात वही आणि निवेदनाचा माईक. कोणी विसरलं तर आठवण करून द्यायची, हे कामही माझंच.

पहिली खोडलेली जागा आली. मध्यस्थ झालेली बाई पुढे आली. नवरदेवानं, म्हणजे माझ्याच बायकोनं, विचारलं, “नवरी येत काहून नाही?” मग मंगलाच लोकांकडे वळून म्हणाली, “आन् मध्यस्थाच्या घरी मात्र...” आणि थांबली. तोंडावर बोट ठेवलं. सगळ्या बायकांनी ठेवलं.

मग मागून एक म्हातारा ओरडला, “त्याच्या घरी दोन नवऱ्या हायेत!”

हशा पिकला. दुसरा म्हणाला, दोन नाही, चार, आणि चौघी वावरातल्या विहिरीवर नांदतात. तिसऱ्यानं नवऱ्या विकल्याचंही सांगून टाकलं. पुढची रिकामी जागा आली, तिथे लोकांनी त्याहून भारी भरलं. मी एक शब्द काढला होता, गाव दहा घालत होतं. सुनीताताईंच्या नावावर नसलेली मोटर आली, नसलेली टाकी आली. हे सगळं माझ्या नावावर जाणार, कारण वही मी तपासलेली!

आणि तिथे माझं डोकं फिरलं. मी माईक तोंडाशी धरला आणि पडद्यामागून ओरडलो:

“थांबा हो! असं काही नव्हतं! ‘मध्यस्थाच्या घरी मात्र नवरी रोज सकाळी येते’, एवढंच होतं!”

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, काय सांगू! मला वाटलं, अजून गैरसमज नकोत, म्हणून मी बाकीच्या दहा जागाही वाचून दाखवल्या. क्रमानं. पान नंबरासकट.

सुनीताताई उठल्या आणि सरळ मंचावर आल्या. मी पडद्याला धरून उभा. मनात म्हटलं, रस्ता गेला.

त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. म्हणाल्या, “माह्या घरी पाणी येते, हे खरं हाय. घर टाकीच्या खाली हाय ना. वरच्या आळीत चढत नाही, हे मले माहीत होतं, पण म्या मनावर घेतलं नाही. उद्या सकाळी येतो, शोभाबाई, तूच दाखव कुठं अडलं ते.” मग वहीवरच्या लाल रेघा पाहिल्या. “पण हे खोडलं कोणं?”

बायकांची सगळी बोटं पडद्याकडे.

“अहो भाऊ,” त्या माझ्याकडे वळल्या, “म्या तं ‘जास्त होऊ नये’ म्हनलं ते नाटक लांबू नये म्हनून. साडेअकराले पोरायचं जेवन हाय.”

गाव किती वेळ हसलं ते विचारू नका. साडेअकराचं जेवण बारा वाजता झालं.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. मधल्या एका वळणावर पाइप दबला होता, शिवाय वर चढवायला वेगळी मोटर लागणार होती. पंधरा दिवसांनी सकाळी वरच्या आळीतल्या नळाला पाणी आलं. बायकांनी नळाला हळदीकुंकू लावलं, मुंडावळ्या बांधल्या, अक्षता टाकल्या. मंगलानं पहिला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरला, डोक्यावर घेतला आणि माझ्यासमोरून अशी चालत गेली, जशी काही निवडणूक जिंकून आली. जिंकलीच होती. आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायलाही लागली.

नाटकाची बातमी पार किन्हीराजा गावापर्यंत गेली. परवा तिथल्या बचत गटातून मंगलाला फोन आला. त्यांना रस्त्यावर नाटक करायचं होतं, आणि आमच्या गावातले ते खोडणारे भाऊ दोन दिवसांसाठी मिळतील का, असं विचारत होत्या. आम्ही कितीही बोललो तरी कोणी ऐकत नाही, म्हणाल्या.

मंगलानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनवर सांगितलं, “पाठवतो न बाई. लाल पेन ते सोताच आनतीन. तुमी फक्त माईक चालू ठेवजा.”