ह्यांच्या रेकॉर्डप्लेअरला नवा आर्म

रेकॉर्डप्लेअर ही आमच्या घरात ह्यांची वस्तू होती. देवरीला महामार्गाच्या कडेला आमचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी ते यंत्र, आणि शाळेतून आले की संध्याकाळी हे त्याच्यासमोर खुर्ची टाकून. मी आरोग्य केंद्रातून येऊन स्वयंपाकाला लागलेली असायची. कधी पुसायला म्हणून फडकं घेऊन जवळ गेले, की लगेच, "काय करून राहिली वो? हात नोको लावू, सुई जाईन." संसार सगळा माझ्या हातांनी चालला, पण त्या सुईला माझं बोट लागलं नाही. गाणी माझ्यापर्यंत यायची ती कुकरच्या शिट्ट्या ओलांडून, अर्धीमुर्धी.

हे गेले. मुलगी पुण्याला, रविवारी फोन करते. मी निवृत्त. एकटेपणा मला रात्री फारसा गाठत नाही, रात्री झोप लागते. तो येतो सकाळी दहाच्या सुमारास, भांडी घासून झाली की. सगळं आवरलेलं असतं आणि दिवस तसाच पडलेला असतो. अशाच एका सकाळी मनानं घेतलं, की हे इतकी वर्षं तिथे बसून काय ऐकत होते ते आपणही त्याच खुर्चीत बसून ऐकायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न उठता. माणूस गेल्यावर त्याला ओळखायला निघणं हे उशिराचंच काम, पण लवकर कुणी सांगितलं होतं?

यंत्र लावलं तर आवाज घोगरा, आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरून असलेली ती दांडी, बुडाशी हलत होती. दांडीच्या टोकावर लाखेचा एक गोळा चिकटवलेला होता. तो ह्यांचाच उद्योग. रायपूरकडे जाणारा भरलेला ट्रक गेला की आमची फरशी थरथरते आणि सुई उडी मारायची. माझं माहेर चिचगडचं, बाबा पळसावर लाखेचं पीक घ्यायचे. तिथली लाख दिव्यावर मऊ करून ह्यांनी सुईच्या डोक्यावर बसवली. वजनानं सुई जागच्या जागी राहू लागली. आल्यागेल्याला ते असं दाखवायचे, की जणू यंत्रच त्यांनी शोधलं होतं.

दांडी घेऊन मी बसनं गोंदियाला गेले. दुरुस्तीवाल्यानं ती बोटानं हलवून पाहिली.

"माताजी, इसकी बेअरिंग गई. और ये लाख किसने चिपकाई? इतना वजन? बेच दो, अब कौन सुनता है."

"मैं सुनूंगी," मी म्हटलं, आणि दांडी पिशवीत टाकून परत आले. राग आला होता. विकायला मी काय भंगार घेऊन गेले होते?

मग मुलीनं मला फोनवर रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या एका गटात घातलं. तिथे सगळे पुरुष. मलाही 'भाईसाहब' म्हणायचे, आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. एक आर्म निवडायचा तर ही मंडळी मुलगी पाहायला गेल्यासारखी चौकशी करत: लांबी किती, वजन किती, सुई बसते त्या कार्ट्रिजशी जमेल का, स्वभाव कसा. कुणी सरळ दांडीचा म्हणे, कुणी एका टोकावर तोललेला. तो म्हणे स्वर्ग, पण धक्का लागला की रुसतो. मी मात्र आधी फूटपट्टी घेतली. यंत्राच्या लाकडात जुन्या आर्मचं छिद्र होतं, मधल्या खुंटीपासूनचं त्याचं अंतर नव्या आर्मला जुळायला हवं होतं. नाहीतर दुसरं छिद्र पाडावं लागलं असतं, आणि ह्यांच्या लाकडाला ड्रिल लावायची माझी हिंमत नव्हती. त्या अंतराला बसला तो वाकड्या दांडीचा, डोकं काढता येणारा, मधल्या वजनाचा. ह्या भाईसाहबांनी तोच मागवला.

मुलगी म्हणाली, "आई, गाणीच ऐकायचीत तर फोनवर सगळी आहेत ना."

"ती तुझ्या बाबांनी ऐकलेली नाहीत," मी म्हटलं.

बसवला मी घरीच. तान्ह्या बाळांची वजनं घेण्यात माझी सगळी नोकरी सरली, तोलण्याची मला भीती नाही. मागचं वजन फिरवत राहायचं, दांडी हवेत आडवी तरंगेपर्यंत. मग सुईवर सांगितला तेवढाच भार, दोन ग्रॅमच्याही आत. लाख बसवायचा प्रश्न नव्हता. ट्रकच्या थरथरीसाठी मी यंत्र फरशीवरच्या टेबलावरून उचललं आणि भिंतीतल्या कडप्प्यावर ठेवलं. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं.

पहिली लावली ती भीमगीतांची रेकॉर्ड. विहारात मी ती गाणी कितीदा म्हटली होती. पण आवाज चरचरत, फाटत येऊ लागला. वाटलं, माझंच काही चुकलं. सुई उचलून पुन्हा तोललं, पुन्हा लावलं, तर तीच चरचर. तितक्यात पुढचं गाणं सुरू झालं आणि ते पाण्यासारखं स्वच्छ! तेव्हा उमगलं. लाखेच्या ओझ्यानं सुईनं रेकॉर्ड घासली होती. जे ह्यांनी पुन्हापुन्हा लावलं तेच घासलं गेलं, आणि नवा आर्म काहीच झाकत नव्हता.

मग मला छंदच लागला. रोज सकाळी एक रेकॉर्ड. इथे चरचर आहे, म्हणजे हे आवडायचं. एक कव्वाली अर्ध्यापर्यंत झिजलेली, पुढे कोरी. म्हणजे मधेच कंटाळून उचलायचे! मी एकटीच हसले. कोणी तोंडानं सांगितलं नसतं इतकं हे मला त्या दिवसांत सांगत होते. दहा वाजायची मी वाट पाहू लागले.

शेवटी कपाटात मागे सरकलेली नाट्यगीतांची एक रेकॉर्ड हाती आली. ती माझी. ट्रेनिंगला नागपूरला गेले होते तेव्हा ह्यांच्यासाठी घेतलेली, दुकानात अख्खी दुपार उभं राहून निवडलेली. हातात घेऊन हे म्हणाले होते, "लय मस्त हाये वो." स्वयंपाकघरात कानावर यायचं त्यात हिचंही काही असेल, असं मी आजवर धरून चालले होते.

सुई ठेवली आणि चरचरीची वाट पाहत बसले. रेकॉर्ड खराब निघावी असं इतक्या मनापासून कुणाला वाटलं नसेल. पहिलं गाणं स्वच्छ. दुसरंही. उलटवली. तिकडेही एक ओरखडा नाही. दुकानातून आली तशीच.

मला असा राग आला की मी उठून उभी राहिले. "आवडली नोयती त सांगाचं होतं ना! कायले म्हणलं मस्त हाये? काऊन एकदा तरी नाई आयकली?" मोठ्यानं, पुढच्या खोलीत, उघड्या दारानं. रेकॉर्डवरून ट्रकवर गेले, ट्रकवरून सुईला कधी न लावू दिलेल्या हातावर, आणि तिथून दवाखान्यात जायला केलेल्या टाळाटाळीवर.

आमची भांडणं अशीच असायची. बोलायचं मी, खाली मान घालून ऐकायचं ह्यांनी, आणि माझं संपलं की म्हणायचं, "बरं वो, तुयंच खरं." त्यावर मी ताट वाढायला उठायची. त्या सकाळीही सगळं बोलून झालं आणि मी सवयीनं थांबले. ते वाक्य ऐकल्याशिवाय भांडण संपवायचं कसं, ते मला येत नव्हतं.